खुणेखाली उतरलेला तडा

टीव्हीवर पुन्हा उंच इमारत कोसळण्याचा सिनेमा लागला होता. अशा सिनेमांत बांधकाम कंपनीचा मालक हसत हसत फीत कापतो, तेव्हाच आपल्याला कळतं की यानं सिमेंटमध्ये हात मारलाय. पाठीमागचं संगीतच तसं सांगत असतं.

आमच्या हॉलच्या भिंतीला गेल्या वर्षी तडा गेला. त्याच्या खालच्या टोकाला मी पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती. परवा तडा खुणेच्या चार बोटं खाली उतरलेला दिसला, म्हणून बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. त्यांचा इंजिनियर आला. त्यानं बूट दाराबाहेर काढले, भिंतीवर टकटक केली आणि म्हणाला, "काका, हा नुसता प्लास्टरचा तडा आहे. पुट्टी भरून रंग मारला की दिसणारसुद्धा नाही."

इतका नम्र मुलगा खोटं कशाला बोलेल, असं बायकोचं म्हणणं. घरात संगीत वाजत नाही, त्यामुळे मी आपला त्याच्या हातापायांकडे बघत राहिलो.

बायकोनं चहा आणला. भिंतीलगतच्या खुर्चीत बसण्याआधी त्यानं ती ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ नेली.