ओल्या बांबूची तालीम

दारात गर्दी दिसली की तात्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घालायचे, बाह्या वर करायचे आणि म्हणायचे, “बांबू ओला आना रं, सुका दगा देतो.” मग रडणारेही जरा सावरायचे. आता काय करायचं ते माहीत असलेला माणूस आला होता.

असा एक जण तुमच्याही गावात असेल. लग्नात त्याला कोणी शोधत नाही, मयताला मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही. तात्या खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, थोडकी भातशेती करणारे आमचे शेजारी. आळीत तिरडी बांधावी तर त्यांनीच. सुतळी आवळताना चेहरा असा, जणू पाहुण्यांसाठी बाज विणतायत. कितीही जवळचं माणूस जावो, त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला त्याचा थोडा रागच यायचा.

खालापूरला माझं मेडिकल आहे. आमच्याकडे लोक गोळ्या घ्यायला येतात तसे रिपोर्ट वाचून घ्यायलाही येतात. एका दुपारी तात्या आले. शिबिरात त्यांचं रक्त तपासलं होतं, त्यात ट्यूमर मार्कर वाढलेला. सोनोग्राफीत यकृतावर सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशव्या.

“तात्या, मार्कर वाढला म्हणजे कॅन्सरच असं नसतं,” मी म्हणालो. “इतर कारणांनीही वाढतो. कर्जतला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, स्कॅन करू.”

“ट्यूमर लिवलंय ना त्याच्यावर? मंग झालं तर.” त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. “घरी बोलू नको.”

मी बोललो नाही. त्यांनी मात्र स्कॅन सोडून भलतंच काढलं. काकू मुलीकडे कर्जतला गेल्या होत्या, ती संधी साधून यांनी आळीतल्या आम्हा काही जणांना अंगणात बोलावलं आणि तिरडी बांधायला शिकवू लागले. “मी गेलो का तुमी मला टेंपोत टाकून न्याल. शिकून घ्या.” माप बघायला कोणीतरी आडवं व्हायला हवं होतं. उंची त्यांच्याएवढी म्हणून नंबर माझा लागला. आता तिरडीवर उताणं पडून माणसाने दुसऱ्याला काय समजवावं? तरी मी म्हणत होतो, “तात्या, स्कॅन करा.”

“मयत बोलत नाय,” ते म्हणाले. “गप ऱ्हा.”

तेवढ्यात काकू रिक्षातून उतरल्या. मला तशा अवस्थेत पाहून त्यांनी हंबरडा फोडला. त्याने दचकून मी उठून बसलो, तर त्या आणखीच जोरात ओरडल्या. त्यांना पाणी दिलं आणि मग मी सगळं सांगून टाकलं. तात्या माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते.

काकूंनी ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, माझ्या जागी जाऊन तिरडीवर आडव्या झाल्या आणि पदर नीट करत म्हणाल्या, “अवो, आदी मला पोचवा. मंग तुमी कुटं जायचं तिकडं जा. एकटीनं कोनाच्या तोंडाकडं बघू मी?”

तात्यांच्या हातात सुतळी तशीच राहिली.

“ऊठ गं,” ते म्हणाले. “तितं झोपू नये. ऊठ. जातो मी डॉक्टरकडं.”

कर्जतला स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, “या सिस्ट साध्या आहेत. कॅन्सर नाही, पोटात बाकी कुठेही काही दिसत नाही. अशा सिस्टमुळेही मार्कर कधीकधी वाढतो. ऑपरेशन नको, काही महिन्यांनी पुन्हा तपासू.”

“म्हंजे यानं मरत नाय मी?”

“यानं नाही.”

तात्या बाहेर आले, माझ्या गाडीला टेकले आणि हमसून हमसून रडले. “लय भ्यालो होतो रं,” म्हणाले. “लोकांचं बांदताना वाटायचं, आपल्याला कसलं भ्या. पर हिचं कसं व्हईल, या इचारानं झोप गेली.” मी त्यांचा हात धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांत ते मला कधी इतके आवडले नव्हते.

दिवाळीनंतर आळीतले एक थकलेले आजोबा गेले. माणसं जमली, बांबू आले आणि सगळे तात्यांच्या घराकडे बघू लागले. दाराला कुलूप होतं. मी फोन लावला.

“माथेरानला हाय,” तात्या म्हणाले. “रोज दारातून डोंगर दिसतो, पर हिला कदी वर नेलंच नाय.”

कोण गेलं ते मी सांगितलं. तसे ते सवयीने सांगायला लागले, “मडकं आदी...” आणि थांबले. “तुमाला येतंय रं आता. बांदा तुमी. सांजच्याला मी घरच्यांना भेटाया येतो.”

फोन बंद करायचं ते विसरले. मागे काकू घोडेवाल्याला दटावत होत्या, “हळू ने रं. आमाला कसली घाई नाय.”