गुंडूचे कान आणि सोमणकाकांचा व्हर्नियर

काळ्या कुर्त्यावर सशाचे केस बसले की विषय संपला. झटका, ब्रश मारा, धुवा, ऑफिसला पोचेपर्यंत बाहीवर दोन असतातच. आमच्या ग्रुपच्या किश्शांचं तसंच आहे यार. मी ठरवते की आज लोकांना सशांबद्दल बोअर नाही करायचं, आणि चहा येईपर्यंत एक निघालेला असतो.

ग्रुप म्हणजे भोपाळमधली आम्ही सात-आठ घरं, सगळ्यांकडे लटक्या कानांचे ससे. हॉलंड लॉप म्हणतात. रविवारी सकाळी चार इमली भागात खरे मॅडमच्या बंगल्याच्या लॉनवर जमतो. मॅडम मोठ्या अफसर आहेत, मूळच्या ग्वाल्हेरच्या. आणि वर्षातून एकदा तिथेच आमचा शो होतो, एक कप असतो. कप स्टीलचाच आहे, पण भांडणं सोन्याची होतात.

*

माझी रबडी मी जवाहर चौकातून आणली. दुकानदार म्हणाला, प्युअर हॉलंड लॉप. मी म्हटलं, भैया, कान तर उभे आहेत. तो म्हणाला, "अभी बच्ची है दीदी, बैठ जाएँगे."

दोन महिने मी वाट बघितली. बसले नाहीत, उलट अजून ताठ झाले. तक्रार करायला गेले तर त्याने रबडीला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "दीदी, फ़ायदा देखिए ना. इसको सुनाई कितना साफ़ देता होगा!"

तेव्हापासून ग्रुपच्या कागदावर रबडी ‘रिजेक्ट’ आहे. लाल पेनाने. तिला आजवर साधी सर्दी झालेली नाही, ती गोष्ट वेगळी.

*

लाल पेन सोमणकाकांचं. काका पुण्याहून इकडे कारखान्यात नोकरीला आले, तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनमध्ये काढली आणि इथेच रिटायर झाले. सशाचं वजन, चेहरा, कान कसे हवेत, याचा आमचा नियमांचा कागद त्यांनीच बनवला. एक नियम असा की कान जबड्याच्या खाली जास्तीत जास्त एक इंच, म्हणजे साधारण पंचवीस मिलिमीटर, लोंबायला पाहिजेत. त्याहून जास्त, तर बाद.

आणि हे मोजायला खिशात व्हर्नियर, कारखान्यात मिलिमीटरचाही दहावा भाग मोजतात तो! पट्टी चालत नाही. मोजण्याआधी त्याचे लोखंडी जबडे मिटवून, डोळ्याजवळ नेऊन झीरो बघणार, म्हणजे रिकाम्या मापाला शून्यच येतंय ना. दर वेळी. दोन मिनिटांपूर्वी बघितला असला तरी. एकदा मी म्हटलं, काका, आत्ताच तर बघितलात. म्हणाले, "तन्वी, झीरो न बघता मोजणं म्हणजे अंदाज. अंदाज भाजीवाल्याकडे चालतो."

काकू सांगतात, सुरुवातीला ते पोळ्या लाटतानाही बाजूला येऊन उभे राहायचे. "मी एकदाच म्हटलं, रिजेक्ट केलीत तर उपाशी राहाल. तेव्हापासून हॉलमध्ये बसतात."

*

लटक्या कानांची एक भानगड असते. कान बंद राहतो, आत हवा जात नाही, मळ साचतो, इन्फेक्शन होतं. म्हणून आमच्या डॉक्टर फरहांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की दर आठवड्याला कान उचलून हुंगायचा. घाण वास आला की सरळ क्लिनिक.

खरे मॅडम शिस्तीच्या. ऑनलाइन मीटिंग चालू होती, विषय कुठल्यातरी कॉलनीतला नाला. मॅडमच्या मांडीवर त्यांचा ससा. बाकीचे बोलतायत तोवर मॅडमनी कान उचलला, हुंगला आणि समाधानाने म्हणाल्या, "बिल्कुल गंध नहीं है."

माइक चालू होता.

दुसऱ्या दिवशी मिनिट्स आल्या. त्यात स्वच्छ लिहिलेलं, नाले का निरीक्षण हुआ, मैडम संतुष्ट हैं. मॅडमना स्वतः नाल्यावर जाऊन वास घ्यावा लागला. तिथे मात्र होता.

*

आता गुंडू. गुंडू म्हणजे सोमणकाकांचा ससा. करड्या रंगाचा, गोल डोकं, चपटं नाक, गाल असे की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जातो. कागदावरचा एकेक मुद्दा त्याच्यावरून लिहिल्यासारखा. काकांना आयुष्यात एकही कप मिळालेला नाही. हे ते स्वतःच सांगायचे, की तीस वर्षं दुसऱ्यांचा माल पास केला, एकदा आपला होऊ दे.

मागच्या वर्षी शोमध्ये गुंडू टेबलावर, जज वाकून बघतेय, सगळं परफेक्ट. आणि मॅडमच्या किचनमधून कुकरची शिट्टी झाली. गुंडूचा डावा कान वर! अँटेना! दोन्ही कान खाली हवेत हा नियम. जज थांबली. कान खाली आला. दुसरी शिट्टी झाली. कान परत वर.

डाळीने कप घालवला. काकांनी वर्षभर मॅडमकडे डाळ खाल्ली नाही.

*

वर्षभर काकांनी तयारी केली. घरी कुकर लावला की गुंडूला शेजारी बसवायचे, म्हणजे सवय व्हावी. झाली पण सवय. दर रविवारी लॉनवर त्याचे कान मोजायचे आणि फक्त एक शब्द बोलायचे, "पास."

मग शोच्या दीड महिना आधी गुंडूने खाणं सोडलं. काका लेंड्यासुद्धा मोजतात, त्यामुळे लगेच कळलं. ससा बारा तास जेवला नाही तरी पोट बंद पडू शकतं, म्हणून टी. टी. नगरच्या क्लिनिकमध्ये पळालो. स्कूटी माझी, मागे काका, काकांच्या मांडीवर बास्केट.

डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. दात वाकडे होऊन आत टोचत होते. सशाचे दात वाढतच राहतात, एकमेकांवर घासले तरच झिजतात. गुंडूचा चेहरा इतका चपटा की दातांना दात भेटतच नाहीत. एका डोळ्यातून पाणी यायचं, तेही त्याचमुळे. आता दर पाच आठवड्यांनी दात कापायचे, जन्मभर. आणि डॉक्टर म्हणाल्या, याची पिल्लं होऊ देऊ नका, त्यांचेही असेच निघतील.

काका म्हणाले, पण स्टँडर्डमध्ये चेहरा असाच हवा.

"स्टैंडर्ड तो काग़ज़ पे है अंकल," डॉक्टर म्हणाल्या. "खाना इसको है."



प्रॉब्लेम हा की गुंडूच्या पिल्लांसाठी लाइन लागलेली. चार घरांना काकांनी आधीच हो म्हटलेलं, खरे मॅडमनी तर इंदूरच्या भाचीला नावही सुचवायला सांगितलं होतं. दातांचं काकांनी सांगून बघितलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "अहो, दातांचं काय, आमच्या अख्ख्या घराण्याचे वाकडे आहेत. कप मिळू दे, मग बघा, अख्खं भोपाळ मागायला येईल."

*

शोचा दिवस. गुंडू ठणठणीत, दात नुकतेच कापलेले. कुकर त्या दिवशी मॅडमनी लावलाच नाही, पुलाव बाहेरून मागवला. जजने गुंडूला फिरवून बघितलं, गाल दाबले, कान बघितले आणि कपाकडे हात नेला.

सोमणकाका उभे राहिले. म्हणाले, कान मोजायचा राहिलाय.

जज म्हणाली, तुमचाच तर ससा आहे. काका म्हणाले, म्हणूनच. खिशातून व्हर्नियर काढला, गुंडूचा कान सरळ केला, लावला.

"एकोणतीस पॉइंट आठ मिलिमीटर. एक इंचाच्या वर. बाद."

मॅडम म्हणाल्या, गेल्या रविवारी तर पास होता. काका म्हणाले, "आज नाही." आणि लाल पेनाने स्वतःच लिहिलं. काकांचं माप म्हटल्यावर परत कोण मोजणार? कप दुसऱ्यालाच गेला. पुलाव संपेपर्यंत मॅडमनी भाचीला फोन करून सांगून टाकलं, अगं, त्याच्या कानात फॉल्ट निघाला, दुसरा बघू. बाकीची तीन घरंही संध्याकाळपर्यंत मोकळी झाली.

मी काकांना बास्केट द्यायला गेले तेव्हा ते गुंडूसाठी कोथिंबीर बारीक तोडत होते. एकदम बारीक.

*

पुढच्या वेळी दात कापायला मीच त्यांना क्लिनिकला घेऊन गेले. डॉक्टरांच्या कानावर सगळं गेलेलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षांच्या सशाचे कान असे वाढत नाहीत. ड्रॉवरमधून स्केल काढली, गुंडूचा कान धरला, एकदा मोजला, परत मोजला.

"चौबीस है, अंकल."

काकांनी चष्मा काढून पुसला. "झीरो एरर राहिला असेल," म्हणाले.

डॉक्टर काकांकडे बघत राहिल्या. मग स्केल परत ड्रॉवरमध्ये टाकली, गुंडूची फाइल ओढली, आणि कानासमोर लिहिलं, २९.८.