सात मैलांचं भांडण

आर्डिस नोर्डालला डोळे मिटल्याशिवाय काम करता येत नसे. धान्याचा ट्रक काट्यावर येऊन उभा राहिला की ती लांब पोकळ सळई सोयाबीनमध्ये पार तळापर्यंत खुपसायची, चार-पाच जागचे दाणे काढायची, खिडकीशेजारच्या टेबलावर परातीत ओतायची, आणि मग ओंजळ भरून नाकाशी धरायची. डोळे आपोआप मिटत. ओलावा मोजायला यंत्र होतं, काडीकचरा काढायला चाळण्या होत्या, पण वासाला यंत्र नव्हतं. माल कुबट आहे, आंबूस आहे, की त्याला कुठे धूर लागलाय, हे तिचं नाक सांगायचं. मिसिसिपीच्या काठावरच्या ओक बेंड गावात त्या नाकाच्या निकालावर अपील नव्हतं. आयोवाचे शेतकरी हवामानाशी वाद घालतील, पाद्र्याशी घालतील. आर्डिसशी घालत नसत.

अडतीस वर्षं तिनं नदीवरच्या धान्याच्या कोठारात हे काम केलं. डोळे मिटलेले असत त्या दोन-चार क्षणांत ती दाण्यांबरोबर निघून जायची. बार्जमध्ये, त्या सपाट मालवाहू नावेत बसायची, एकेका बंधाऱ्याच्या दारातून खाली उतरायची, कापसाच्या मुलखातून जायची, मेक्सिकोच्या आखातात उभ्या असलेल्या उंच जहाजावर चढायची. पुढचं तिनं पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते ती मनानंच रचायची. धुक्यातलं चीनचं एक बंदर, ओल्या दगडी पायऱ्या, सोयाबीन भिजत घातलेल्या मोठमोठ्या नांदी, आणि बाह्या सावरून त्यांत हात घालणारी तिच्याच वयाची कुणी बाई. मग डोळे उघडायचे. समोर ट्रकवाला टोपी खाजवत उभा.

एकदा खरोखरच चीनमधले पाच खरेदीदार कोठार बघायला आले होते. त्यांतले शेन नावाचे वयस्कर गृहस्थ तिच्या टेबलापाशी थांबले, त्यांनी तिसऱ्या कणगीतले ओंजळभर दाणे उचलले आणि डोळे मिटले. आर्डिस बघतच राहिली. असा माणूस तिनं तोवर फक्त आरशात पाहिला होता. शेननी दुभाष्याला काहीतरी हळूच सांगितलं. दुभाषी अवघडून म्हणाला, "ते विचारतायत, तिसऱ्या कणगीचं छप्पर गळतंय का? दाण्यांना ओल्या लाकडाचा वास येतोय." माणसं वर चढून बघून आली. छप्पर गळत होतं. त्या दिवशी आर्डिसचं नाक पहिल्यांदा हरलं, आणि त्याचा तिला इतका आनंद झाला की घरी येऊन नवऱ्याला तिनं तो किस्सा दोनदा ऐकवला.

तिचा नवरा डेल्मर गावातल्या वॉशिंग मशीनच्या कारखान्यात झाकणांच्या बिजागऱ्या बसवायचा. सव्वीस वर्षं. व्हिएतनामहून परत आला तो थेट त्या कारखान्यातच शिरला. दर सुट्टीत तो लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या मशीनचं झाकण उघडून बघायचा आणि म्हणायचा, हे माझ्या हातचं आहे. मग एका वर्षी कारखाना मेक्सिकोला गेला. इमारत राहिली, तिच्यात कबुतरं आली. डेल्मर मग निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवत राहिला. दुपारी जेवून कोचावर आडवा झाला की झोपेत त्याची बोटं हलायची. स्क्रू लावायचा, पिळायचा, पुढचं झाकण घ्यायचा. आर्डिस भांडी विसळता विसळता ते बघायची आणि नळाची धार बारीक करायची, त्याची पाळी संपेपर्यंत.

राजकारणावरून त्या दोघांचं लग्नापासून वाजत आलेलं. गंमत अशी की सुरुवातीला बाजू उलट्या होत्या. डेल्मर कामगार संघटनेचा माणूस, पक्का डेमोक्रॅट. आर्डिस रिपब्लिकन शेतकऱ्याची लेक. बाप सांगायचा, जगाला माल विकला तरच आपली चूल पेटते. पुढे डेल्मरच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षानं मेक्सिकोशी खुल्या व्यापाराच्या करारावर सही केली, त्यानंतर काही वर्षांत कारखाना गेला, आणि डेल्मर त्या पक्षातून उठला तो पुन्हा बसलाच नाही. आर्डिस सावकाश, कुणाला न सांगता, दुसऱ्या बाजूनं सरकत गेली. मधे कुठेतरी दोघं एकमेकांना ओलांडून गेले. त्या वर्षी नक्की कुणाचं मत कुणाला होतं हे आता त्यांनाही आठवत नव्हतं. पक्ष बदलले, भांडण मात्र जागेवर राहिलं.

मुलीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर फार झालं, तेव्हा दोघांनी एक नियम केला. घरात राजकारण नाही. भांडायचं ते फक्त गाडीत, रविवारी चर्चला जाताना. घरापासून चर्चपर्यंत सात मैल होते. दोघंही आठवडाभर मुद्दे साठवत. चर्चच्या आवारात गाडी शिरली की वाक्य अर्धं राहिलं तरी तोंड बंद. परतीच्या वाटेवर बहुधा डुलकी.

मग ते वर्ष आलं. नव्या राष्ट्राध्यक्षानं परदेशी मालावर, त्यातही चिनी मालावर, जबर कर बसवले. डेल्मरनं बातमी ऐकली, उठला, दारावरचा देशाचा झेंडा उतरवून धुतला, वाळवला आणि पुन्हा लावला. त्या रविवारी गाडीत तो लहान मुलासारखा बोलत होता. इतक्या वर्षांत कुणीतरी आमचं नाव घेतलं, म्हणाला. आर्डिसनं एवढंच विचारलं की ते लोक गप्प बसतील का. ते बसले नाहीत. उन्हाळ्यात चीननं अमेरिकी सोयाबीनवर कर लावला, आणि सुगीच्या तोंडावर जहाजं यायची थांबली.

पीक मात्र थांबलं नाही. कणग्या भरल्या, मग आवारात ढीग घातला, त्यावर ताडपत्री टाकली. सकाळी नदीवरून धुकं आलं की तो ढीग एखाद्या बेटासारखा तरंगायचा, आणि रिकामी बार्जं दोरांना बांधलेली, नुसती एकमेकांना हलकेच धडकत. तो आवाज आर्डिसला घरीही ऐकू यायचा. इतका धीमा की आपण तो ऐकतोय की आठवतोय, हे तिला कळायचं नाही.

जिल्ह्याच्या पेपरातली एक मुलगी आली आणि तिनं आर्डिसला दोन प्रश्न विचारले. आर्डिस जे बोलली ते पेपरात तिच्या फोटोसकट तसंच्या तसं छापून आलं. "राष्ट्राध्यक्षांना शहाणपण शिकवायला मी कोण? पण गिऱ्हाईक दारातून परत गेलं की ते दुसरं दुकान शोधतं. आणि ती चिनी माणसं वाईट नव्हती. त्यांना धान्य कळतं."

चार वाक्यं. गाव ती आठवडाभर चघळत बसलं. कुणी आर्डिसला दुकानात गाठून हात दाबला, कुणी तिला बघून दुसऱ्या फळीकडे वळलं. चर्चमध्ये एरवी तिच्याशेजारी बसणारी बाई दोन बाक मागे बसली.

डेल्मर रोज सकाळी कॅफेत जायचा. खिडकीजवळचं गोल टेबल, सहा म्हातारे, तेच कप. त्यांतला वेंडेल क्रीगर त्याचा शाळेपासूनचा मित्र; कारखान्यात दोघं एकाच ओळीत उभे असायचे. त्या गुरुवारी वेंडेलनं पेपर घडी करून कपाखाली ठेवला होता.

"काय रे डेल्मर," तो म्हणाला, "दारात कुठला झेंडा लावायचा ते बायकोला विचारून घेतलंस का? बदलायचा असेल तर आधी सांग, लेका. आम्हाला एकदम धक्का नको."

टेबल हसलं. डेल्मरही सवयीनं अर्धवट हसला. मग त्यानं कप खाली ठेवला.

"वेंडेल, ती चुकतेय असं मलाही वाटतं," तो म्हणाला. "ते मी तिला सांगेन. रविवारी. तू सांगायचं नाहीस."

"मी मस्करी केली, गड्या."

"कळलं मला."

त्यानं पैसे ठेवले आणि उठला. बावीस वर्षांत त्या टेबलावरून तो इतक्या लवकर पहिल्यांदाच उठला होता.

धुकं इतकं दाट होतं की पुलाचा फक्त मधलाच भाग दिसत होता, दोन्ही टोकं नाहीत. डेल्मर गाडी चालवत राहिला. घराकडे वळायचं तिथे तो वळला नाही. कोठाराच्या आवारात शिरला, पत्र्याचा जिना चढला आणि बायकोच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. अडतीस वर्षांत तो त्या खोलीत कधी आला नव्हता. फाटकावर हॉर्न वाजवून तिला घेऊन जायचा.

आर्डिस टेबलाशी हात बांधून बसली होती. सकाळपासून एकही ट्रक आला नव्हता. नवऱ्याला बघून तिला वाटलं, कुणी गेलं.

"कुणी नाही गेलं," तो तिचा चेहरा बघून म्हणाला. "सहज आलो."

त्यानं खुर्ची ओढली. परातीकडे बघितलं. आर्डिसनं काही न विचारता त्याच्यासमोर ओंजळ धरली. त्यानं वास घेतला, म्हणाला, काहीच येत नाही. डोळे मीट, ती म्हणाली. त्यानं मिटले. खिडकीच्या काचेवर धुकं पांढरं टेकलं होतं आणि खाली बार्जं हलकेच धडकत होती.

"वाळलेलं गवत," तो शेवटी म्हणाला. "आणि मागे काहीतरी आंबट."

"ढिगाच्या तळाचं आहे ते. सडायला लागलंय."

डेल्मरनं डोळे उघडले नाहीत. तसाच मिटल्या डोळ्यांनी तो बोलायला लागला, आणि आर्डिसला असं वाटलं की हा कोचावर झोपलेला डेल्मर आहे, त्याच्या बोटांना आज वाचा फुटली आहे. कारखान्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नव्हता. त्या दिवशी शेवटचं मशीन ओळीवरून आलं तेव्हा प्रत्येकानं त्याच्या आतल्या पत्र्यावर सही केली होती. बिजागऱ्या डेल्मरनं बसवल्या, झाकण लावलं, सह्या आत गेल्या. मशीन कुणाच्या तरी घरी गेलं. त्या घराला अजून माहीत नसेल.

"मला शेवटपर्यंत वाटत होतं, वरून कुणाचा तरी फोन येईल," तो म्हणाला. "राष्ट्राध्यक्षाचा, गव्हर्नरचा, कुणाचातरी. थांबवा म्हणेल. कुणी हूं की चूं केलं नाही, आर्डिस. दोन्ही पक्षांतल्या कुणीच नाही. इतक्या वर्षांनी हा एक माणूस बोलला. बस, तेवढंच आहे माझं."

आर्डिस दाणे बोटांनी परातीत सारखे करत राहिली.

"तेव्हा तुझ्यासाठी कुणी बोललं नाही, हे चुकलंच," ती म्हणाली. "पण आता तो तुझ्यासाठी बोलतोय आणि माझं कोठार बंद पडतंय. त्याचं काय करू मी?"

संध्याकाळपर्यंत डेल्मर तिथेच बसून होता. एक ट्रक आला तेव्हा त्यानं सळई धरायला मदत केली आणि ती चुकीच्या कोनात खुपसली.

नोव्हेंबरात मतदान झालं. दोघं एकाच गाडीतून गेले, एकाच रांगेत उभे राहिले आणि एकमेकांच्या विरुद्ध मत देऊन आले. जानेवारीत नदी गोठली आणि कोठाराच्या व्यवस्थापकानं आर्डिसला बोलावून सांगितलं की वसंतापासून तिची जागा राहणार नाही. तो चांगला माणूस होता, सांगताना सारखा चष्मा पुसत होता. सरकारनं शेतकऱ्यांना नुकसानभरपाई दिली. वास घेणाऱ्या बाईसाठी कुठल्या अर्जात रकाना नव्हता.

डेल्मरचं मत बदललं नाही. हे सांगायलाच हवं, कारण गावातले काही जण अजून म्हणतात की त्या हिवाळ्यात तो बदलला. तो म्हणायचा, दुखणं जुनं आहे, औषध कडू असणारच. आर्डिस म्हणायची, औषध तुझ्या दुखण्याचं आणि पाजतायत मला. पण रोज सकाळी कॅफेत जायच्या वेळी तो आता ओट्याशी उभा राहून दोघांची अंडी करायचा. नीट जमायची नाहीत. आर्डिस खायची. फेब्रुवारीत एकदा वेंडेल दारात आला, हातात बायकोनं भाजलेला, सफरचंदाचं सारण भरलेला ॲपल-पाय. आत आला, बसला, ॲपल-पाय तिघांनी खाल्ला, मासे धरायला बर्फावर जाण्याबद्दल बोलले. माफी कुणी मागितली नाही. जाताना वेंडेल आर्डिसला म्हणाला की पेपरातला तिचा फोटो काही बरा आला नव्हता. ती म्हणाली, नाक तेवढं बरोबर आलं होतं.

मार्चमध्ये ढीग उघडायच्या वेळी तिला शेवटच्या दोन दिवसांसाठी बोलावून घेतलं. वरचा माल शाबूत निघाला. खालचा हातभर थर काळा पडला होता. तिनं ओंजळ भरली, डोळे मिटले, पण या वेळी ती कुठेही गेली नाही. बंदर नाही, पायऱ्या नाहीत. फक्त आंबलेला वास आणि आपले स्वतःचे हात. तिनं कागदावर माल नापास लिहिला, खाली सही केली, कामाची टोपी खुंटीला अडकवली आणि जिना उतरली.

बर्फ फुटल्यावर बार्जांचा पहिला ताफा येणार त्या सकाळी डेल्मरनं गाडी काढली. बंधाऱ्यावर जाऊन दोघं काचा खाली करून बसले. नदीवरून वाफ उठत होती, पलीकडचा काठ असून नसल्यासारखा. मग त्या वाफेतून एक लांबलचक सावली आली. पंधरा बार्जं, तीन-तीनच्या ओळींत, आणि पार मागे त्यांना ढकलत येणारी पांढरी बोट. इतक्या सावकाश की बार्जं थांबलीत आणि काठच वर सरकतोय, असं वाटावं.

वारा त्यांच्याकडे होता. आर्डिसनं मान किंचित वर केली आणि तिचे डोळे मिटले.

"सोयाबीन?" डेल्मरनं विचारलं.

"मका. चांगला वाळलेला."

"कुठे चाललाय?"

"या दिवसांतला मका बहुतेक मेक्सिकोला जातो."

ताफ्याची एक ओळ पुढून गेली, दुसरी गेली. पाण्याचा पट्टा काठाशी येऊन चुबुक चुबुक करत होता. त्यानं थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली, आधी तिला दिली.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तिकडेही कुणी तरी पाळी संपवून घरी येत असेल. भूक लागत असेल त्यालाही."

आर्डिसनं कॉफीचा घोट घेतला. शेवटची बार्जं वाफेत शिरत होती. दोघं ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले, आणि त्यानंतरही बराच वेळ.