वहिनींनी नाव घेतलं नाही

"मशीन बंद कर," भाऊ माझ्या कानाशी म्हणाले. मी नॉबला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

पंच्याहत्तर साल, महिला वर्ष. वऱ्हाडातल्या शेलूबाजारच्या शाळेत बायकांची सभा होती. लाऊडस्पीकर माझ्या मालकांचा, भाऊंचा, ऑपरेटर मी. सातवीतून शाळा सोडून सावंतवाडीकडून इतक्या लांब आलेलो. भाऊंनी काम दिलं, त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, दोन वेळचं ताट. ते उपकार आजही आहेत. पण भाऊ वहिनींवर हात उचलत. आतून आवाज आला की मी ताटात पाहत जेवत राही. बोललो तर नोकरी जाणार, मग जायचं कुठं?

सभेला आलेल्या मॅडमनी सांगितलं, हॉलमध्ये फक्त बायका. पुरुषांनाही ऐकू यावं म्हणून भाऊंनीच भोंगे बाहेर निंबावर बांधायला लावले. माईक आत, आवाज वाढवायचं मशीन बाहेर ओट्यावर, तिथं मी आणि भाऊ. भोंग्यातून कोणाचाही आवाज पत्र्यासारखाच येतो, चटकन ओळखू येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "बायकांसाठी देशादेशांत करार व्हावा, अशी चर्चा चालू आहे. करार म्हणजे देशांनी एकमेकांना लिहून दिलेला शब्द. घरातली मारहाणही त्यात यावी, असं मला वाटतं."

"मंग आमच्या घरी पाह्यले कोनता देश येईन?" एक म्हातारी म्हणाली. आत हशा पिकला.

मग वहिनी बोलल्या. रोज ऐकत असल्यामुळे मी ओळखलं. भाऊंनीही.

"करार होईन तवा होईन. माह्या घरचे हात उचलतात. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नाई म्हनतात, म्हून आज घेत नाई. पुन्हा हात उठला तं ह्याच माईकवर घेईन."

निंबाखाली बसलेल्या पुरुषांनी माना भोंग्यांकडे वळवल्या. "आमची तं नव्हे ना?" कोणीतरी पुटपुटलं. तिघं घरी जायला उठले, एकमेकांकडे पाहून पुन्हा बसले.

तेव्हाच भाऊ म्हणाले, मशीन बंद कर.

"करतो भाऊ," मी हळूच म्हणालो. "पण लोक म्हणतील, ह्यांचीच बायको दिसते."

भाऊंनी निंबाकडे पाहिलं. सगळा निंब आमच्याकडेच पाहत होता.

"आवाज वाढव रे," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "ऐकू येऊन नाई राह्यलं."

मी वाढवला. आत आणखी चौघींनी तेच सांगितलं, नाव न घेता. मला हसू आवरेना, म्हणून मी वायर तपासत खाली वाकलो.

मी तिथं होतो तोवर भाऊंचा हात पुन्हा उठला नाही. पुढं देशांचा करार झाल्याचं रेडिओवर ऐकलं. कलमं मला ठाऊक नाहीत. करार मोडला तर माईक कोणाच्या हातात असेल, एवढंच मी विचारतो.