उपदेश न करणाऱ्या मॅडम

नाशिकच्या आमच्या ऑफिसात कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीवर सोडलेली माणसं हजेरीला येतात. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम त्यांना कधीच उपदेश करत नाहीत. प्रश्न विचारतात, पेन खाली ठेवतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. मलाच ती शांतता सोसत नसे.

मनमाडचा एक ड्रायव्हर दारूच्या नशेत मारामारी केली म्हणून यायचा. मॅडमनी विचारलं, "दारू सोडावी असं दहापैकी किती वाटतं?"

"दोन," तो गुरकावला.

आता चिडतील, असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "शून्य का नाही म्हणालात?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग तो म्हणाला, "पोरगी घाबरती मला." आणि रडायलाच लागला.

"मग काय करावंसं वाटतं?"

"सोमवारी दवाखान्यात जातो," त्याचं त्यानेच ठरवलं.

वर्षभराने देखरेख संपली, त्या दिवशी तो मुलीला घेऊन आला. ती त्याला अगदी बिलगून उभी होती.

"मॅडम, तुमच्यामुळं दारू सुटली," तो म्हणाला.

एरवी हळू बोलणाऱ्या मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळे नाही. यांनी स्वतः सोडली!"

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात त्याच्या मुलीने.