केकवरचे गुलाबी दाणे

मंडळी, गोष्ट आज दुपारची आहे, घाईत लिहितोय. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा आणि सून शेतात गेले होते. घरी मी आणि दोन नातवंडं. मोठी परी मोबाईलवर पाहून कुकरमध्ये मीठ पसरून वाट्यांत छोटे केक भाजत होती. गॅसच्या धाकानं मी तिथून हललो नाही. गॅस बंद झाला तेव्हा कुठं ओसरीत जाऊन टेकलो.

परत आलो तर केकवर साय, आणि सायीवर सजावटीला गुलाबी दाणे! पेरणीतून उरलेलं, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलेलं ज्वारीचं बियाणं होतं ते, विषारी औषध चोळलेलं. एक वाटी रिकामी होती आणि चार वर्षांच्या सोनूचं तोंड भरलेलं.

मी त्याच्या तोंडात बोट घालून घास काढला. तो भोकाड पसरून रडू लागला.

"काहून वरडता आबाजी? त्याले साधाच देल्ला म्या. दाणे त्याले टोचतात," परी म्हणाली.

माझा विश्वास बसेना. ऑटो करून दोघांना अनसिंगला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, परीचे हात साबणानं धुवून घेतले, भिऊ नका म्हणाले.

येताना परी मला खेटून बसली. मग हळूच म्हणाली, "आबाजी, सगळ्यात जास्त दाणे तुमच्या केकवर लावले होते म्या."

मंडळी, तुमच्या घरी उरलेलं बियाणं कुठं ठेवलंय? आत्ताच उठून पाहता का?