साडूच्या टपावरचं कॅरियर

बेंगळुरूत मल्लेश्वरमला माझ्या साडूच्या घरासमोर एक पांढरी गाडी उभी असते. तिच्या टपावर काळं लोखंडी कॅरियर आहे, पुढच्या कोपऱ्यात थोडं गंजलेलं. ते पाच वर्षं माझ्या गाडीवर होतं. मी ते माझ्या हातांनी काढलं आणि माझ्याच हातांनी त्याच्या गाडीवर बसवलं. लोक म्हणतात, घरातल्या गोष्टी मनात ठेवू नयेत. मी ठेवतो. सूड हा शब्द मोठा वाटत असेल, पण मला दुसरा सापडलेला नाही आणि मी शोधायलाही गेलेलो नाही.

मी निपाणीचा. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला माणूस. आधी डिप्लोमा केला, मग बेंगळुरूला येऊन डिग्री. बायको त्याच कॉलेजातली. तिचे वडील, म्हणजे अप्पा, सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. कुटुंब मूळचं कोल्हापूरकडचं, पण मल्लेश्वरमला तीन पिढ्या राहिलेलं. लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "मुलगा डिप्लोमावरून आलाय ना?" मी हो म्हणालो. ते कानडीत "सरी" म्हणाले, म्हणजे 'बरं'. त्या 'सरी'त काय काय होतं ते मला अजून पाठ आहे.

थोरला जावई, म्हणजे माझा साडू, मोठा माणूस. सरकारी संशोधन संस्थेत वाऱ्यावर काम करतो. मोठ्या बोगद्यात विमानाचं छोटं मॉडेल टांगायचं, त्याच्यावर वारा सोडायचा आणि कुठे किती अडतो ते मोजायचं, हे त्याचं काम. मी बोम्मसंद्रात प्लॅस्टिकचे क्रेट आणि पॅकिंगच्या शीट बनवणाऱ्या कारखान्यात साचे बघतो. त्याने गाडी घेतली, तेव्हा अप्पांनी मलाही तीच घ्यायला सांगितली. मॉडेल एकच, इंजिन एकच. फक्त त्याच्या चाकांना चकचकीत अलॉय आणि माझ्या चाकांना साधं लोखंड.

दरवर्षी डिसेंबरात अख्खं घर कोल्हापूरच्या पुढे कुलदेवाला जातं. नैवेद्य तिथेच रांधायचा, आणि तोही घरच्या भांड्यांत, असा त्यांच्या घरातला रिवाज. म्हणजे पातेली, परात, गॅसची शेगडी, सतरंज्या, ताडपत्री. हे सगळं कुठे जाणार? माझ्या टपावर. साडूच्या गाडीला ओरखडे पडले असते. अप्पा बसायचे त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर. माझ्या गाडीला घरात 'सामानाची गाडी' म्हणायचे, अगदी प्रेमाने. वाटेत निपाणीला आई आमच्या गाडीत बसायची.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक सिटीला आली होती. एका रविवारी मल्लेश्वरमला अप्पांच्या घरी सगळ्यांचं जेवण होतं. अप्पांनी सहज विचारलं, "काय, गाड्या किती देतात लिटरला?"

साडू म्हणाला, "सतरा. हायवेला थोडं जास्तच."

मी खरं ते सांगितलं. "माझी चौदा."

"चौदा?" साडूने श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला. "अहो, गाडी तीच, रस्ता तोच. मग फरक कशाचा? चालवणाऱ्याचा." मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुमचा दोष नाही हो. सवयीचा भाग आहे. घरात आधी कुणी गाडी चालवलेली नसली की पाय क्लचवरून उठत नाही. होईल सवय हळूहळू."

सगळे हसले. अप्पाही. माझी आई समोर बसून खाली मान घालून जेवत होती.

परत येताना सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत गाडी अडकली. आई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तुला गाडी नीट येत न्हाई व्हय रं?"

त्या सिग्नलला मी मनाशी पक्कं केलं. माझ्या आईसमोर तो हे बोललाय, आता माझ्या आईसमोरच त्याला ते गिळायला लावायचं.

मी वाऱ्याबद्दल वाचायला लागलो. कॉलेजात आम्हाला एक पेपर होता, तेवढंच माहीत होतं. जगभरात लोक घरच्या घरी गाडीला पत्रे-पुठ्ठे लावून पेट्रोल वाचवतात, हे तेव्हा कळलं. गाडीचं पोट खालून उघडं असतं, नळ्या, सायलेन्सर, खाचाखोचा, आणि तिथे वारा अडकतो. कारखान्यात नापास झालेल्या प्लॅस्टिकच्या पोकळ शीट पडून होत्या. रीतसर गेटपास करून चार आणल्या, कापल्या आणि केबल टायने खालून बांधल्या. सायलेन्सरजवळ मात्र ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, नाहीतर शीट वितळली असती. पुढच्या जाळीचा खालचा अर्धा भाग आतून बंद केला. चाकांना सपाट झाकण हवं होतं. भांड्यांच्या दुकानात ॲल्युमिनियमची चार मोठी ताटं मापात बसली.

बायको बाल्कनीतून बघत होती. "आता चाकांनाही जेवायला वाढायचं का?"

"वाढू. आधी तुझ्या भावोजींना वाढतो."

"दोन महिने झाले त्या जेवणाला."

"मला माहीत आहे किती झाले."

प्रत्येक वेळी एकच बदल करायचा, टाकी काठोकाठ भरायची, तोच रस्ता, तेवढाच वेग, परत काठोकाठ भरायची. चौदाचे साडेचौदा झाले, मग पंधरा. तिथेच अडलं. मी वैतागलो. मग एका जुन्या युक्तीबद्दल वाचलं. गाडीवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवायचे आणि चालत्या गाडीत ते कसे पडतात ते बघायचं. वारा नीट सरकत असेल तिथे धागा मागे झोपतो. अडत असेल तिथे नाचतो.

बायकोची उरलेली लाल लोकर घेतली. टपावर, मागच्या काचेवर, दारांवर शेदीडशे धागे लावले. त्याच दिवशी साडू काहीतरी द्यायला आला होता. पार्किंगमध्ये गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काय हो इंजिनियरसाहेब, दृष्ट काढलीत की नवस बोललात?" मग त्याला चाकं दिसली. "आणि ही ताटं! अहो, रस्त्यात पंगत बसवणार का?" मोबाइलवर फोटो काढून त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून माझी गाडी 'ताटवाली' झाली.

पुढच्या रविवारी सकाळी इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलावर बायकोने माझी गाडी चालवली आणि मी कारखान्यातल्या एका मित्राच्या गाडीतून मागून चित्रण केलं. घरी येऊन हळू करून बघितलं. दारांवरचे धागे शहाण्यासारखे झोपलेले. टपाच्या पुढच्या भागावरचेही. आणि कॅरियरच्या मागचे? ते वेडे झाले होते. काही उभे, काही गोल फिरत होते, काही चक्क पुढच्या बाजूला वळलेले. मागची अख्खी काच नुसती थरथरत होती.

वर्षातून एकदा लागणारं कॅरियर मी वर्षभर डोक्यावर घेऊन हिंडत होतो. काढा-घालायचा त्रास, आणि सासरच्या कामात हयगय नको, म्हणून. मी ते काढलं. टाकी भरली, तोच रस्ता, परत भरली. एकोणीस.

आनंद झाला असेल, असं वाटेल तुम्हाला. मला घाम फुटला. रागाचा. कारण मला हे शोधायला सात महिने, शेदीडशे धागे आणि एक उड्डाणपूल लागला. पण ज्या माणसाची नोकरीच वारा कुठे अडतो हे बघण्याची आहे, त्याला माझ्या टपाकडे बघून कळलं नसेल? दर डिसेंबरला तो त्याच टपावर पातेली ठेवून दोरी आवळायला मदत करायचा. त्याला माहीत होतं. माहीत असून त्याने माझ्या आईच्या तोंडावर दोष माझ्या घरावर टाकला.

मी तो आकडा स्वतःजवळ ठेवला. डिसेंबरची वाट पाहिली.

निघायच्या आदल्या रविवारी मल्लेश्वरमला बैठक होती. मी जाणूनबुजून विषय काढला. "भाऊजी, सामानामुळे माझी गाडी जरा कमी देते बहुतेक."

"सामानाने काय होतंय हो," तो मिशीत हसला. "टपावर काहीही ठेवा. चालवणारा पाहिजे."

हेच हवं होतं. मी अप्पांकडे वळलो. "अप्पा, मग यंदा कॅरियर भाऊजींच्या गाडीवर टाकू. एकदा बघूनच घेऊ."

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओरखड्यांचं काहीतरी पुटपुटला.

"खाली रबर लावतो ना मी," मी म्हणालो.

अप्पा म्हणाले, "सरी, बरोबर आहे. दरवर्षी यांनीच का वाहायचं? यंदा स्वल्प तू वाहा."

शनिवारी सकाळी मी त्याच्या दारात जाऊन कॅरियर बसवलं. रबर लावलं, शब्दाला पक्का आहे मी. तेरा नंबरच्या पान्याने नट आवळले आणि आवळण्याआधी प्रत्येक आट्यावर कारखान्यात वापरतो त्या लॉकिंग द्रवाचा एकेक थेंब सोडला. यंत्राच्या थरथरीतही नट ढिला होऊ नये म्हणून ते असतं. साडू शेजारी उभा राहून कॉफी पीत होता.

नेलमंगलच्या पुढे पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. अप्पा नेहमीप्रमाणे त्याच्या शेजारी. मी पुढे, तो मागे. हिरियूरच्या अलीकडे खणकन आवाज झाला. माझं मागचं एक ताट निसटलं आणि रस्त्यावरून गडगडत गेलं. चित्रदुर्गाला नाश्त्याला थांबलो, तर साडू ते चेपलेलं ताट दोन्ही हातांत धरून आला. "साडूभाऊ, जेवण झालं वाटतं! ताट टाकून दिलंत!" सगळं हॉटेल बघायला लागलं. ताई, म्हणजे त्याची बायको, पदर तोंडाला लावून हसली. मी ताट घेतलं, डिकीत ठेवलं. हस म्हटलं, हुबळीचा पंप अजून यायचा आहे.

पण हुबळीची वाट बघावी लागली नाही. अप्पा कानाचं यंत्र काढून कान चोळत बसले होते. त्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नाही, आणि यंत्र लावलं की टपावरची ताडपत्री आणि कॅरियरची घूंऽऽ थेट डोक्यात. "कानात भुंगा शिरलाय नेलमंगलपासून," ते म्हणाले आणि उठून माझ्या गाडीचं पुढचं दार उघडून बसले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पहिल्यांदा.

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "शांत आहे की गाडी." मग मान टाकून झोपले. मी त्यांना बायपासच्या एकाही गतिरोधकावर जागं होऊ दिलं नाही.

हुबळीला परत टाक्या भरल्या. माझ्या गाडीत वीस लिटर आणि थोडं वर. साडूच्या गाडीत नळी खट् करून थांबेपर्यंत आकडा सव्वीसच्या पुढे गेला. अप्पा दोन्ही आकड्यांसमोर उभे होते. त्यांनी मनातच भागाकार केला, कारण ते शेवटी इंजिनियर. "चौदा," ते म्हणाले, "चौदा आणि वर थोडं." साडूकडे बघितलं, आणि मग फार वेळ माझ्याकडे. साडू पंपावरच्या पोऱ्याला नळी नीट न धरल्याबद्दल बोलत होता.

निपाणीला आई दारात उभी होती. पुढच्या सीटवरून अप्पा उतरले ते तिने पाहिलं. तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. पाणी झालं, चहा झाला. मी थांबलो नाही. थांबायचं कशाला?

"भाऊजी, आईला सांगा ना. तुमच्या गाडीला किती पडलं यंदा?"

"असू दे ना," ताई म्हणाली.

"नको, सांगू दे," अप्पा म्हणाले.

साडू कपाकडे बघत म्हणाला, "चौदा. पण त्याला कारण आहे. टपावर लोड असला की वाऱ्याचा अडथळा—"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

त्याने रिकामाच कप तोंडाला लावला. एवढंच मला हवं होतं. मी उठणार होतो.

तेवढ्यात माझी आई बोलली. बशी खाली ठेवून, अगदी मायेने. "वाईट वाटून घिऊ नगा सायेब. तुमचा दोष न्हाई. घरात आधी कुनी सामानाची गाडी चालवली नसंल. हुईल सवय हळूहळू."

अप्पा आधी हसले. यंत्र कानात होतं, त्यांना प्रत्येक शब्द ऐकू आला होता.

मला वाटत होतं की आईने त्याचं म्हणणं खरं मानलं. तिने ते वर्षभर, शब्द न् शब्द, जपून ठेवलं होतं. मी चार ताटं आणि सात महिने घालवले. तिने फक्त वेळ येऊ दिली. त्या दिवशी मला कळलं की मी कुणाचा मुलगा आहे.

खरं तर ताटांनी आणि शीटांनी लिटरमागे फार फार तर एक-दोन किलोमीटर वाढवले असतील, बाकी सगळा कॅरियरचा खेळ. हे साडूला माहीत आहे, मलाही आहे. पण मल्लेश्वरमच्या घरात आता ॲव्हरेजचा विषय निघत नाही.

परत आल्यावर आठवड्याने साडूचा फोन आला. नट हलत नव्हते. गॅरेजवाला म्हणाला म्हणे, जोर केला तर बोल्ट तुटेल, गरम केला तर टपाचा रंग जळेल. "तुमचा तो तेरा नंबरचा पाना घेऊन या एकदा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात विनंती होती.

पाना माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे, लाटण्याशेजारी. त्या द्रवाने धरलेला नट सोडवायची युक्तीही मला येते.

"येतो की, भाऊजी," मी म्हणालो. "स्वल्प थांबा."

मी अजून गेलेलो नाही, आणि आता दुसरा डिसेंबर येतोय.